'पडेल', 'पडणार' आणि 'पडला तर पडेल': इंग्रजीत अंदाज कसा सांगायचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच बघणारा माझा एक जुना विद्यार्थी 2021 च्या जुलैत तोंड पाडून घरी आला. पुण्याच्या गिऱ्हाइकानं मेलवर विचारलं होतं, कास्टिंग कधी मिळतील? यानं उत्तर दिलं, 'द मटेरियल विल रीच टुमॉरो.' मनात होतं, 'पोचेल उद्या'. गाडी भरलीय, वाटेत काही अडलं नाही तर पोचेल. रात्रीत वेदगंगेचं पाणी चढलं, निपाणीजवळ यमगर्णीला हायवे बंद झाला आणि गाडी अडकली. तिकडं गिऱ्हाइकानं मशीन मोकळं ठेवून माणसं बसवलेली. तो फोनवर म्हणाला, तुम्ही लेखी शब्द दिला होता.

"सर, मी 'पोचेल' म्हटलं होतं. 'पोचणार' कुठं म्हटलं?"

पोराचं मराठी बरोबर होतं. इंग्रजीही व्याकरणानं चुकलं नव्हतं, 'रीच'नंतर 'पुणे' हवं होतं एवढं सोडलं तर. चुकलं होतं ते वजन. वडगाव-शहापूरकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. भविष्याबद्दलच्या वाक्यांत ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते आणि व्याकरणाच्या पुस्तकात ती सापडत नाही. म्हणून हा लेख.

आधी मराठीत तीन प्रश्न

आपलं क्रियापद शेपटी बदलून काळ सांगतं: पडतो, पडला, पडेल. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाची शेपटी आहे, 'रेन'चं 'रेन्ड' होतं. भविष्याची मात्र नाही. उद्याचं बोलायला इंग्रजी दुसरे शब्द उसने घेते. 'विल' मूळचा इच्छेचा शब्द, 'गोइंग टू' मूळचा चालत जाण्याचा, 'मे' आणि 'माइट' शक्यतेचे. त्यामुळं 'भविष्यकाळ म्हणजे विल-शॅल' हे शाळेतलं समीकरण अर्धंच खरं. त्यातल्या 'शॅल'ला तर अंदाजापुरता रामराम करा. 'आय शॅल, वी शॅल' हा जुना नियम आज बोलण्यात जवळजवळ उरला नाही, सगळीकडं 'विल' चालतं.

आता आपली '-एल' ही शेपटी बघा. 'येईल की', 'येईल येईल', 'येईल हो, जातोय कुठं?' एकाच 'येईल'मध्ये खात्री, दिलासा, टाळाटाळ आणि शंका सगळं मावतं, बाकीचं आवाज सांगतो. 'विल' एवढं सैल नाही. नुसतं 'इट विल' लिहिलं की वाचणारा ते ठाम समजतो. मनात शंका असेल तर इंग्रजीत तिच्यासाठी वेगळा शब्द खर्च करावा लागतो. आपण तो करत नाही, कारण मराठीत तो फुकटात मिळतो.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी स्वतःला मराठीत तीन प्रश्न विचारा. कशावरून? किती खात्री? कधीपर्यंत? पहिल्या दोन उत्तरांवर बहुतेक वाक्यांचं रूप ठरतं. तिसऱ्याचं काम कमी वेळा पडतं, पण तिथंच मुलं जास्त गुण घालवतात.

कशावरून?

मे महिन्यातली दुपार. येळ्ळूरच्या गडावर आभाळ काळं झालंय, वारा सुटलाय, गल्लीत बायका वाळवण गोळा करायला धावतायत. कुणीतरी ओरडतं, "पाऊस यायलाय!" हा वळीव आहे आणि त्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. अशा वेळी इंग्रजीत 'गोइंग टू': 'लुक अॅट दोज क्लाउड्स! इट्स गोइंग टू रेन.'

तोच माणूस फेब्रुवारीत कट्ट्यावर बसून म्हणतो, "यंदा पाऊस चांगला होईल." आभाळ कोरडं, पुरावा काही नाही, त्याचं मत आहे. इथं 'विल', आणि मत आहे हे दाखवायला पुढं 'आय थिंक': 'आय थिंक वी विल हॅव गुड रेन धिस इयर.'

पुरावा म्हणजे फक्त ढग नव्हे. बल्लारी नाल्याचं पाणी बांधाला टेकलंय: 'द वॉटर इज गोइंग टू एंटर द फील्ड्स.' उसानं गच्च भरलेली ट्रॉली वळणावर एका अंगाला कललीय: 'दॅट ट्रॉली इज गोइंग टू टिप ओव्हर!' इथं 'विल टिप ओव्हर' म्हणालात तर ऐकणारा बाजूला उडी मारणार नाही, तो वाटेल ते मत ऐकल्यासारखा ऐकेल. आणि अगदी क्षणावर आलेलं असेल, 'पडण्याच्या बेतात', तर 'अबाउट टू': 'इट्स अबाउट टू टिप ओव्हर.'

पुरावा कुणाचा, हेही महत्त्वाचं. पंचांगात मृगाचं वाहन म्हैस निघालं की आजी म्हणते, यंदा जोर आहे. आजीसाठी ते वाहन हाच पुरावा, ती इंग्रजी बोलली असती तर 'इट्स गोइंग टू रेन हेविली' म्हणाली असती. नातू 'इट माइट' म्हणेल. दोघांचंही व्याकरण बरोबर. रूप ठरतं ते बोलणाऱ्याला कशावर विश्वास आहे यावर, हवामान खात्यावर नाही.

इथं मुलं एक सोपी जोडी लावतात: 'पडेल' म्हणजे 'विल', 'पडणार' म्हणजे 'गोइंग टू'. सुरुवातीला मीही ती लावू देतो. दहातल्या सहा-सात वाक्यांत ती धकते. पण 'पोरगी मोठी डॉक्टर होणार बघ' या वाक्यात पुरावा नाही, पोरगी अजून तिसरीत आहे. तिथं 'शी विल बी अ ग्रेट डॉक्टर' हेच जास्त नैसर्गिक. मराठी 'णार' खात्री दाखवतं, इंग्रजी 'गोइंग टू' आजची खूण दाखवतं. दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात, नेहमी येतातच असं नाही.

या रूपाच्या चार चुका मला दर वर्षी त्याच त्याच दिसतात. पहिली, मधलं 'इज' गळणं: 'इट गोइंग टू रेन.' दोष मराठीचा आहे. आपल्याला 'पाऊस पडणार' एवढं पुरतं, 'आहे' नसलं तरी चालतं. शिवाय बोलताना 'इट्स'मधला 'स' कानाला लागत नाही. लिहिताना कर्त्याशी जुळणारं 'अॅम, इज, आर' आधी मांडा, मग 'गोइंग टू'. दुसरी, 'गोइंग टू रेनिंग'. 'टू'नंतर क्रियापद मूळ रूपात. तिसरी, 'रेन इज गोइंग टू कम'. आपल्याकडं पाऊस येतो, कन्नडमध्येही येतो. इंग्रजीत तो कर्ताच नसतो, बिनचेहऱ्याचा 'इट' पुढं करून 'रेन' हेच क्रियापद करायचं. चौथी चूक जरा गमतीची: एका मुलीनं 'खानापूरला जाणार'साठी 'गोइंग टू खानापूर' लिहिलं आणि हे भविष्यकाळी रूप आहे असं ठामपणे सांगितलं. पुढं गावाचं नाव असेल तर ते साधं जाणं. पुढं क्रियापद असेल तरच अंदाज किंवा बेत.

आता एक दिलासा. पुष्कळ वाक्यांत 'विल' आणि 'गोइंग टू' दोन्ही चालतात. 'आपला संघ जिंकेल' हे दोन्ही रूपांत बरोबर आणि फरक इतका बारीक की त्यावर गुण कापणारा मास्तर चुकीचा. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांत ढगांचा नकाशा समोर असूनही मुख्यतः 'विल'च ऐकू येतं, कारण औपचारिक बोलण्या-लिहिण्यात 'विल'चाच वावर जास्त. तेव्हा पत्रात, निबंधात, ऑफिसच्या मेलमध्ये अडलात तर 'विल' घ्या. समोर घडत असलेल्या गोष्टीकडं बोट दाखवताना मात्र 'गोइंग टू'ला पर्याय शोधू नका.

किती खात्री?

फाउंड्रीतल्या पोराचा घात इथं झाला. मराठीतली उतरंड आधी बोलून बघा. 'पडणारच', 'पडेल', 'बहुतेक पडेल', 'पडेलसं वाटतं', 'पडला तर पडेल', 'पडेल न पडेल', 'कुठला पडतोय!' इंग्रजीतही अशीच उतरंड आहे, फक्त तिच्या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे.

वरची पायरी 'इट विल डेफिनेटली रेन'. तिच्याखाली नुसतं 'इट विल रेन', तेही ठामच. मग 'इट विल प्रॉबेब्ली रेन', आणि त्याच्याच शेजारी, लेखी भाषेत शोभणारं, 'इट इज लाइकली टू रेन'. त्याखाली 'इट मे रेन', 'इट माइट रेन', 'इट कुड रेन'. 'मे' आणि 'माइट' यांत फरक शोधत बसू नका. 'माइट' किंचित कमी खात्रीचं मानतात, पण रोजच्या बोलण्यात लोक दोन्ही एकाच अर्थानं वापरतात आणि 'माइट' जास्त वापरतात. 'माइट' हा 'मे'चा भूतकाळ असल्यामुळं उद्याला चालणार नाही, असं एका गाइडात छापलेलं पाहिलं. खुशाल चालतो.

शब्द कुठं बसतो तेही बघा. 'प्रॉबेब्ली' आणि 'डेफिनेटली' होकारात 'विल'च्या मागून येतात, नकारात 'वोन्ट'च्या आधी: 'इट विल प्रॉबेब्ली रेन', पण 'इट प्रॉबेब्ली वोन्ट रेन'. मराठीत 'बहुतेक' कुठंही ठेवला तरी चालतो, त्यामुळं इंग्रजीतही मुलं तो फेकतात तिथं पडतो. ही दोन वाक्यं तोंडपाठच करा, नियम आपोआप आठवेल.

'वोन्ट'चा उच्चार निघालाच आहे तर: 'वो' लांब, ओठ गोल. 'इट वॉन्ट रेन' म्हणालात तर ऐकणाऱ्याला 'पाहिजे'वाला 'वॉन्ट' ऐकू येतो आणि नकार हरवतो. मुलाखतीला पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणाऱ्यांनी हा एक शब्द आरशासमोर घोटावा.

सगळ्यांत महागडी चूक 'कॅन'ची. 'उद्या पाऊस पडू शकतो' म्हणजे 'इट कॅन रेन टुमॉरो', असं शेकडा नव्वद मुलं लिहितात. हा नव्वद माझ्या वह्यांचा, कुठल्या पाहणीचा नाही. 'शकतो' दिसला की 'कॅन' ही सवय लहानपणी लागलेली असते. पण 'कॅन' सांगतं ते सर्वसाधारण स्वभावाचं: 'इन कणकुंबी, इट कॅन रेन फॉर डेज.' कणकुंबीत दिवसच्या दिवस पाऊस पडू शकतो, तिथली हवाच तशी. उद्याच्या एका पावसाबद्दल बोलायचं तर 'मे', 'माइट' किंवा 'कुड'. मग 'कुड'चा नकार 'कुड नॉट' होईल का? नाही. 'इट कुड नॉट रेन' म्हणजे भलतंच, पाऊस पडणं शक्यच नव्हतं अशा वळणाचं. 'कदाचित पडणार नाही'साठी 'इट माइट नॉट रेन' किंवा 'इट मे नॉट रेन'.

'मेबी' आणि 'मे बी' हेही वेगळे. जोडून लिहिलेला 'मेबी' म्हणजे आपला 'कदाचित', तो वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि मागं 'विल' घेतो: 'मेबी इट विल रेन.' तोडून लिहिलेल्या 'मे बी'त 'मे' हे क्रियापदाचं अंग: 'ही मे बी लेट.' दोन्हींची खिचडी करून 'इट मे विल रेन' लिहू नका, 'मे' आणि 'विल' यांतला एकच मदतनीस पुरतो.

'कुठला पडतोय पाऊस!' याचं इंग्रजी काय, असं एकानं विचारलं होतं. मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर: 'आय डोन्ट थिंक इट विल रेन.' आपण म्हणतो, 'मला वाटतं पडणार नाही', नकार पावसाला लावतो. इंग्रजी नकार वाटण्याला लावते. 'आय थिंक इट वोन्ट रेन' चूक नाही, पण कानाला जरा परकं लागतं. 'होप'ला मात्र हे लागू नाही. तिथं 'आय होप इट डझन्ट रेन', 'आय डोन्ट होप' नव्हे.

'वुड'बद्दल थोडक्यात. 'ही वुड कम टुमॉरो' हे आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतं, सभ्य वाटतं म्हणून. तो सभ्यपणा नाही. 'वुड' म्हणजे 'आला असता'च्या घरचा शब्द, ऐकणारा 'पण काय?' म्हणून पुढच्या अटीची वाट बघत बसतो. साध्या अंदाजाला 'विल'च.

उतरंड शिकवून झाली की मी मुलांना बेळगावच्या कुठल्याही तीन गोष्टींवर अंदाज लिहायला सांगतो. एक तरी वही सीमाप्रश्नावर निघतेच. 1956 पासूनचा प्रश्न, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा, मुलांनी तो घरात जेवताना ऐकलेला. एका मुलानं विचारलं, "सर, इथं 'विल' की 'मे'?" मी म्हटलं, तीन वाक्यं लिही: आजोबांचं, वडिलांचं, तुझं. त्यानं आजोबांसाठी 'विल डेफिनेटली' लिहिलं, वडिलांसाठी 'माइट'. स्वतःच्या ओळीपुढं जागा कोरी सोडली. मी त्याला पूर्ण गुण दिले.

'तर', 'की' आणि 'पर्यंत'

अंदाज बहुधा एकटा येत नाही, अट घेऊन येतो. धूळवाफ पेरणी करणारा शेतकरी तर अटीवरच पैसे लावतो: कोरड्या मातीत भात टाकायचं, पाऊस वेळेवर आला तर उगवेल, नाही आला तर बी गेलं.

'पाऊस आला तर भात उगवेल.' इथं मराठी 'आला' म्हणते, रूप भूतकाळाचं. मुलं इमानदारीनं 'इफ रेन केम' लिहितात. ज्यांनी 'भविष्य म्हणजे विल' पक्कं केलंय ती 'इफ इट विल रेन' लिहितात. बरोबर आहे ते मधलंच, साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स ऑन टाइम, द पॅडी विल स्प्राउट.' 'विल' एकदाच, निकालाच्या वाक्यात. 'आला की'साठीही तसंच: 'व्हेन द बस कम्स, वी विल गो', आणि 'आला रे आला की'साठी 'अॅज सून अॅज'.

'पर्यंत' हा या सगळ्यात दगाबाज शब्द. मराठीत आपण म्हणतो, 'जोपर्यंत बस येत नाही तोपर्यंत थांबू.' त्यातला 'नाही' तसाच उचलला की 'अनटिल द बस डझन्ट कम' होतं. 'अनटिल'च्या पोटात तो नकार आधीच आहे. 'वी विल वेट अनटिल द बस कम्स.' मराठीत मनातल्या मनात 'बस येईपर्यंत' असं वाक्य फिरवून घ्या, मग चूक होत नाही.

'इफ'नंतर 'विल' कधीच येत नाही का? येतं. 'पाऊस पडेल की नाही कुणास ठाऊक' या वाक्यात अट नाही, प्रश्न आहे: 'आय डोन्ट नो इफ इट विल रेन.' मराठीत 'तर' असेल तर 'विल' नको, 'की नाही' असेल तर 'विल' हवं. ही खूण मी माझ्यापुरती बनवलीय, आतापर्यंत तिनं दगा दिलेला नाही.

कधीपर्यंत?

'पर्यंत'चा दुसरा दगा इथं. 'सोमवारपर्यंत काम संपेल' आणि 'सोमवारपर्यंत काम चालेल' या दोन वाक्यांत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय', दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अनटिल'. काम एखाद्या क्षणाच्या आत उरकणार असेल तर 'बाय मंडे', त्या क्षणापर्यंत सलग चालू राहणार असेल तर 'टिल मंडे'. 'आय विल सेंड इट टिल मंडे' असं लिहिलंत तर गिऱ्हाइकाला वाटेल तुम्ही सोमवारपर्यंत रोज पाठवत राहणार.

'बाय' आला की पुष्कळदा 'विल हॅव' त्याच्या मागं येतं. 'डिसेंबरपर्यंत भात कापून झालेलं असेल': 'बाय डिसेंबर, वी विल हॅव हार्वेस्टेड द पॅडी.' मराठीतल्या 'झालेलं असेल', 'आलेलं असेल', 'संपलेलं असेल' या जोडरूपांकडं लक्ष ठेवा. ती ऐकू आली की 'विल हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

मराठीत 'चालू असेल', 'करत असेल' आलं की 'विल बी' आणि 'आयएनजी'. 'पुढच्या आठवड्यात या वेळी बाया रोप लावत असतील': 'धिस टाइम नेक्स्ट वीक, द विमेन विल बी ट्रान्सप्लांटिंग पॅडी.' फार काही अवघड नाही, मराठी रूप जवळजवळ एकास एक बसतं.

एक गंमत अशी की ही दोन रूपं उद्यासाठीच असतात असं नाही. 'तो आता घरी असेल', 'गाडी कोल्हापूर ओलांडून गेली असेल', हे आपण आताच्याच गोष्टीबद्दल बोलतो, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. इंग्रजीही हुबेहूब तेच करते: 'ही विल बी अॅट होम नाऊ', 'द ट्रक विल हॅव क्रॉस्ड कोल्हापूर बाय नाऊ.' शाळेत हे शिकवत नाहीत, आणि मुलं 'असेल'साठी उगाच 'मस्ट बी' शोधत बसतात. 'मस्ट'ही चालतं, पण ते खुणांवरून काढलेल्या निष्कर्षाचं. दारात चप्पल दिसली तर 'ही मस्ट बी अॅट होम'.

अंदाजाला न चालणारी रूपं

'आम्ही उद्या गोव्याला जातोय' हे इंग्रजीतही चालतं, 'वी आर गोइंग टू गोवा टुमॉरो'. गाडी सांगितलीय, डबा ठरलाय. चोर्ला घाटातून जायचं की अनमोड घाटातून एवढंच ठरायचंय. पण 'उद्या पाऊस येतोय'साठी 'इट इज रेनिंग टुमॉरो' नाही. जे आपण ठरवून आखलंय तिथंच हे रूप बसतं. पावसाची कुणी अपॉइंटमेंट घेतलेली नसते.

साध्या वर्तमानकाळाचंही असंच. वेळापत्रकाला तो चालतो: 'द ट्रेन लीव्ज अॅट सिक्स', 'द एक्झॅम स्टार्ट्स ऑन मंडे'. अंदाजाला चालत नाही. आपल्या भागातल्या मुलांची इथं दुहेरी पंचाईत होते. गल्लीतल्या कन्नडमध्ये 'नाळे मळी बरतैती' म्हणतात. 'बरतैती' हे एकच रूप रोज येणाऱ्या पावसालाही आणि उद्या येणाऱ्या पावसालाही. ते कानात मुरलेलं मूल 'टुमॉरो रेन कम्स' लिहितं आणि मराठी मास्तरला कळत नाही ही चूक आली कुठून. घरात मराठी, गल्लीत कन्नड, वहीत इंग्रजी. मुलाला रागावण्याआधी ते वाक्य कन्नडमध्ये बोलून बघा, चुकीचा पत्ता सापडतो.

वही

नियम वाचून हे अंगवळणी पडत नाही. मी जून ते सप्टेंबर मुलांना एक छोटी वही घालतो. रोज संध्याकाळी तीन अंदाज. एक आभाळ बघून, म्हणजे 'गोइंग टू'चा. एक आपल्या मताचा, 'आय थिंक' लावून. एक अटीचा, 'इफ' घेऊन. आठवड्यातून एकदा 'बाय'वालं एक वाक्य. विषय गल्लीतलेच: नळाला पाणी येईल का, राकसकोपचं धरण कधी भरेल, रताळ्याचा दर चढेल का, काकाची बस चुकेल का.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यापुढं खरं झालं की खोटं ते लिहायचं, आणि आठवड्यानं मोजायचं. ज्या मुलाची 'विल डेफिनेटली'ची निम्मी वाक्यं खोटी निघतात त्याला व्याकरणातली चूक दाखवावी लागत नाही, पुढच्या आठवड्यात तो आपणच 'प्रॉबेब्ली' वापरायला लागतो. उलट काही मुलं चुकायच्या भीतीनं सगळीकडं 'माइट' लिहितात. त्यांना मी विचारतो, उद्या सूर्य 'माइट' उगवेल का रे?

परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना उत्तर वाक्यातच लपलेलं असतं. 'लुक' किंवा 'वॉच आउट' दिसलं तर 'गोइंग टू'. 'आय थिंक', 'आय अॅम शुअर', 'प्रॉबेब्ली' दिसलं तर 'विल'. वाक्य 'बाय'नं सुरू होत असेल तर 'विल हॅव' बसतंय का बघा, 'धिस टाइम टुमॉरो' असेल तर 'विल बी'. 'इफ', 'व्हेन', 'अनटिल'च्या लगेच पुढची जागा असेल तर 'विल' लिहायला उचललेला हात मागं घ्या.

त्या फाउंड्रीतल्या पोराकडून मी तो मेल पुन्हा लिहून घेतला. पहिला खर्डा लांबलचक झाला, दोनदा 'काइंडली', एकदा 'वुड'. मी तिन्ही खोडले. राहिलं ते असं: 'द ट्रक लेफ्ट बेळगावी अॅट सेव्हन धिस इव्हनिंग. इट विल प्रॉबेब्ली रीच पुणे बाय टुमॉरो मॉर्निंग. इफ द हायवे क्लोजेस नियर निपाणी, इट माइट बी लेट बाय अ डे ऑर टू.' शेवटच्या वाक्यातला 'बाय' वेगळ्या कामाचा आहे, तो 'इतक्यानं' सांगतो. ते त्यानं स्वतःच विचारलं, म्हणजे डोळे उघडे ठेवून वाचत होता.

आता तो दर पावसाळ्यात हाच मेल काढतो, तारीख बदलतो आणि पाठवतो.